काळ्यावर हिरवा

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो कॉम्प्रेसरच्या आवाजाने. शहापुरात हायवेला लागून बाबांची गाड्या रंगवायची शेड होती आणि शेडच्या मागच्या अंगाला, एका पत्र्याच्या भिंतीपलीकडे, आम्ही राहायचो. इकडे आईने भाकरी थापली की तिकडे बाबांना ऐकू जायचं आणि तिकडे बाबांनी रंगाची गन खाली ठेवली की इकडे आईला कळायचं. थिनरचा वास अंथरुणाला होता, धुतलेल्या कपड्यांना होता, मिठाच्या बरणीलाही होता. लग्नानंतर पहिला महिनाभर मला सासरचं जेवण बेचव लागायचं. का ते पुढे लक्षात आलं, त्यात थिनरचा वास नव्हता.

मी एकुलती एक. बाबांची छाती वाजायला लागली तशी मी शेडमध्ये जायला लागले, आधी डबे धुवायला, मग घासायला. गाडी रंगवायची म्हणजे गनने फवारा मारायचा असं लोकांना वाटतं. ते शेवटच्या दिवसाचं काम. त्याआधीचे पंधरावीस दिवस घासण्यात जातात. काळा पॉलिशपेपर पाण्यात भिजवायचा, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळायचा आणि घासत राहायचं. "ताकद नाय लागत गो त्याला," बाबा म्हणायचे, "कान लागतो." ते खरं होतं. वरचा रंग संपून खालचा थर लागला की कागदाचा आवाज बदलतो. एकोणिसाव्या वर्षी मी डोळे मिटून सांगायची, आता प्रायमर लागला, आता पत्रा. माझी काळी नखं बघून शेजारच्या बायका आईला टोचून बोलायच्या. आई म्हणायची, "तिच्या बापाची पण तशीच हायत."

बाबा भित्रे होते असं मी म्हटलं तर त्यांना ओळखणारे हसतील. एकदा शेडमध्ये थिनरच्या डब्याने पेट घेतला होता, तो त्यांनी हाताने उचलून बाहेर फेकला होता. पण दोन गोष्टींना ते बिचकायचे. एक म्हणजे मुरबाडचे दिवाणजी. आमची शेड ज्या जागेवर होती ती जागा मुरबाडच्या भातगिरणीवाल्या नानासाहेबांची, आणि त्यांचा सगळा कारभार दिवाणजी बघायचे. नानासाहेबांच्या शब्दावर शेड उभी होती आणि त्यांच्याच शब्दावर ती एका दिवसात उठली असती. दुसरी गोष्ट माळशेजचा रस्ता. मुरबाडपर्यंत बाबा जायचे. पुढे टोकावडे, वैशाखरे, त्या बाजूचं काम कितीही मोठं असलं तरी नको म्हणायचे. मला वाटायचं, त्यांना घाटाची भीती वाटते. त्यावरून मी त्यांची चेष्टाही केली आहे. आता ते आठवलं की माझंच मला कसंतरी होतं.

ती गाडी आली तेव्हा बाबा कल्याणला रंगाचे डबे आणायला गेले होते. नाशिकचे एक डॉक्टर ती ट्रकमागे बांधून घेऊन आले. तशी गाडी मी तोवर फक्त कॅलेंडरवर पाहिली होती. परदेशातून कोणे एके काळी बोटीने आलेली, लांबलचक बॉनेट, पुढे चांदीसारखी उभी जाळी, घागरीएवढे गोल दिवे, आत लाकडाची पट्टी आणि चामड्याच्या गाद्या. रंग मात्र हिरवा, तोही कुठे विटलेला, कुठे फुगलेला. डॉक्टरांनी ती तीनेक वर्षांपूर्वी नाशिकच्याच कुणाकडून विकत घेतली होती. शांत, सडपातळ माणूस. त्यांनी दार उघडून मला आतली कड दाखवली. "बघ, इथे काळा दिसतो. ही मुळात काळी होती. मला ती काळीच हवी. खालचा काळा धरून आहे तिथे घासून पॉलिश करा, फुगलाय तिथे पत्र्यापर्यंत जा. वेळ लागू दे." मी हो म्हणून टाकलं. बाबांना विचारते, असं म्हणायला हवं होतं. पण त्या बॉनेटवर हात ठेवल्यावर मला नाही म्हणवलं नाही.

बाबा दुपारी आले. दोन्ही हातांत डबे. फाटकातच उभे राहिले. डबे जड होते, तरी त्यांनी ते खाली ठेवले नाहीत.

"कोनाची?"

"नाशिकच्या डॉक्टरांची. मी हो म्हटलं."

"परत पाठव."

"का?"

"आपल्याला झेपायची नाय."

बाबांच्या तोंडून असं वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. पण ट्रक केव्हाच कसाऱ्याच्या दिशेने गेला होता. बाबा गाडीभोवती एक फेरी मारून आले, लांबूनच, हात न लावता. मग म्हणाले, "बरं. पन डाव्या मडगार्डाला हात लावायचा नाय. तिथला रंग चांगला हाय, वरूनच काळा मारू."

आम्ही कामाला लागलो. चकाकणारं सगळं वर्तमानपत्र आणि चिकटपट्टीने झाकून घेतलं. बॉनेटचा हिरवा उतरवला, दारांचा उतरवला. हिरव्याखाली राखाडी, राखाडीखाली जुना काळा, आणि तो काळा असा की ओल्या फडक्याने पुसला की त्यात शेडचं छप्पर दिसायचं. मला त्या कामाची भूल पडली होती. दुसरं काही दिसत नसावं, कारण बाबा जेवत नव्हते हे माझ्या आधी आईने पाहिलं. थंडीचे दिवस. आई वालाचं बिरडं करायची, नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी, बाबांच्या आवडीचं सगळं. ते ताटात भाकरी मोडायचे, मोडलेले तुकडे आमटीत बुडवायचे आणि उठायचे.

डाव्या मडगार्डाचा रंग चांगला नव्हता. दिव्याच्या खालच्या बाजूला फोड आले होते, म्हणजे आत पाणी शिरलेलं. त्यावर काळा मारला असता तर महिन्यात सुटला असता. मी बोटाने टकटक करून पाहिलं. बाकीचा पत्रा वाजायचा. हा बद्द वाजला. एका सकाळी बाबा छातीचं औषध आणायला गेले तशी मी ठोकळा घेऊन बसले. हिरवा गेला, राखाडी गेला, आणि काळा यायच्या ऐवजी कागदाचा आवाज एकदम मऊ झाला. खाली लांबी होती. पत्र्यातले खड्डे बुजवायला जो लगदा भरतात त्याला आम्ही लांबी म्हणतो. मी घासत गेले तरी ती संपेना, बोटभर जाड भरलेली. आणि तिचा रंग विटकरी होता.

बाजारातली लांबी राखाडी असते. बाबा तीत चिमूटभर तांबडी पूड मिसळायचे, तडे जात नाहीत म्हणून. तशी लांबी आमच्या तालुक्यात दुसरं कोणी करत नव्हतं. मी ओल्या हाताने तशीच उकिडवी बसून राहिले.

बाबा आल्यावर मी सरळ विचारलं, "ही गाडी आपल्याकडे आधी आली होती का?"

त्यांनी मडगार्डाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "नाय," ते म्हणाले.

माझ्या वडिलांनी माझ्याशी खोटं बोललेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. माझी भीती तिथून सुरू झाली. कशाची, ते कळत नव्हतं. हायवेवरून एखादी गाडी हळू झाली की मी दचकायची. बाबांचा चेहरा नेहमीचाच होता, खोकलाही नेहमीचाच, पण हा माणूस आपल्याला माहीत नाही असं मला त्यांच्याकडे बघून पहिल्यांदा वाटलं.

मी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. "तू आठ वर्षांची होतीस," ती म्हणाली. "आपन आटगावला मामाकडं गेलेलो, तू तिथंच राहिलेलीस. मी एकटी परत आले तर तुझा बाप चुलीपुढं बसलेला, चूल विझलेली. चार दिवस अन्नाला शिवला नाय. दारात ही गाडी उभी, ओला हिरवा रंग लावलेली."

"तू विचारलं नाहीस?"

"नाय. सांगितलं असतं तर मला पन सांभाळावं लागलं असतं ते."

त्याच आठवड्यात दिवाणजी आले. जीप थेट शेडच्या तोंडाशी लावली, म्हणजे आत उजेड कमी झाला. बाबांनी स्टूल पुसून दिलं. दिवाणजी बसले, चष्मा काढून पुसला. "जुनी ओळखीची गाडी दिसते," म्हणाले. "नानासाहेबांनी विकली तेव्हापासून पाहिली नव्हती."

अशा रीतीने ती गाडी कुणाची होती ते मला कळलं.

"वरच्यावर करा," दिवाणजी बाबांना म्हणाले. "जुन्या पत्र्यात काय शोधायचंय? रंगावर रंग मारा, द्या पाठवून. नानासाहेब आता अंथरुणावर असतात. तरी तुमची चौकशी करतात. शेड कशी आहे, पोरीचं लग्न कुठे जमवलं का." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर मी उघडं केलेल्या विटकरी वर्तुळावर होती. आवाज कुठेही चढला नाही. चहा पूर्ण प्यायले, आईला छान झाला म्हणून सांगितलं आणि गेले. बाबा हात मागे धरून उभे होते. जीप हायवेला लागेपर्यंत त्यांनी ते सोडले नाहीत.

"भर ते," बाबा म्हणाले. "रविवारी डॉक्टर बघायला येनार. त्याच्या आत भर. आनि तांबडी पूड घालू नको."

त्या शेवटच्या वाक्याने खालची लांबी त्यांचीच असल्याचं त्यांनी कबूल केलं होतं. पण मी भरलं. हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे, कारण पुढे लोकांनी ही हकीकत सांगताना मला फार शहाणी करून टाकलं. मी एक शब्द बोलले नाही. लांबी कालवली, पत्र्याच्या पट्टीने ओढली, सुकू दिली, घासली, वर प्रायमर मारला. जोड कुठे आहे ते माझं मलाही सापडेना. माझ्या हातून तोवर झालेलं ते सगळ्यांत चांगलं काम होतं.

रविवारी डॉक्टर सकाळीच आले. बॉनेटच्या काळ्यात स्वतःचं तोंड बघून लहान मुलासारखे हसले. मग त्यांनी खिशातून एक छोटं लोहचुंबक काढलं. जुन्या गाड्या घेणारे लोक असं करतात हे मला नंतर कळलं. पत्रा असेल तिथे चुंबक चिकटतं, लांबी जाड असेल तिथे पकडत नाही. दाराला चिकटलं. उजव्या मडगार्डाला चिकटलं. डॉक्टर पुढून वळसा घालून डावीकडे येत होते आणि माझ्या कानांत कॉम्प्रेसर चालू असल्यासारखा आवाज सुरू झाला. चुंबक मडगार्डावरून सुटलं आणि खाली पडून घरंगळत माझ्या पायाशी आलं.

"इथे लांबी आहे," डॉक्टर म्हणाले. "जुनी?"

"नाही," मी म्हटलं. "आत्ताची. घासताना खड्डा दिसला, तो मीच भरला."

"एवढा मोठा? कशाचा?"

"दगडाचा असेल. ट्रकमागे बांधून आणलीत ना."

किती पटकन सुचलं मला ते. मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. त्या नजरेत राग नव्हता. ते घाबरले होते, आणि तोवर मी समजत होते तसे दिवाणजींना नव्हे. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी मला सांगितलं की त्या क्षणी त्यांना मी नव्हे, ते स्वतः बोलताना दिसले होते.

"पोर खोटं बोलते," बाबा म्हणाले. "मी शिकवलं तिला. पट्टी दे गो."

मी पट्टी दिली. त्यांनी मडगार्डावरची माझी लांबी खरवडून काढली, मग खालची स्वतःची. हातोडीने ठोकून बसवलेला पत्रा वर आला. खड्डा पातेल्याएवढा होता. खरवडता खरवडता ते बोलत होते आणि मध्ये खोकत होते. अकरा वर्षांपूर्वी नानासाहेबांच्या ड्रायव्हरने ही गाडी ताडपत्री टाकून आणली. बैल आडवा आला म्हणाला. खड्डा भर, रंग बदल, नानासाहेबांना हिरवा आवडतो. "दिव्याच्या रिंगेत सूत अडकलेलं," बाबा म्हणाले. "धोतराचं. बैल काय धोतर नेसत नाय. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळलं, वैशाखऱ्याजवळ एक मानूस रस्त्याकडेला मेलेला मिळाला. बाजारावरून घरी चाललेला. मी तोवर अर्धी गाडी हिरवी केलेली. उरलेली पन केली."

डॉक्टर रंगाच्या पालथ्या डब्यावर बसले. "त्या माणसाचं नाव माहीत आहे?"

"रामा," बाबा लगेच म्हणाले. "वरच्या वाडीतला. बायकोचं नाव जनी. एक पोरगी हाय." अकरा वर्षं त्यांनी ही नावं सांभाळली होती.

डॉक्टरांनी गाडीला हात लावला नाही. "मडगार्ड आहे तसं राहू दे," म्हणाले. "मी लागेल तिथे येऊन सांगेन. पण आधी तुम्हाला जावं लागेल."

सोमवारी आम्ही एसटीने मुरबाडला आणि तिथून वैशाखऱ्याला गेलो. आईने भाकरी बांधून दिली होती, ती तशीच पिशवीत राहिली. बाबांनी वाटभर पुढच्या सीटची दांडी धरून ठेवली होती. टोकावडे गेल्यावर मला वाटलं, ते उतरतील आणि परतीची गाडी धरतील. मीही मनातून तेच मागत होते, हे कबूल करते. आपण परत जावं, पत्रा बुजवावा, दिवाणजींनी चहा पिऊन जावं आणि सगळं होतं तसं व्हावं.

वाडी रस्त्यापासून वर, डोंगराच्या पोटाशी. जनी अंगणात उखळात वरी सडत होती. चाळिशीची, काटक. मी आमची ओळख सांगितली. बाबा उभ्यानेच बोलले, एका दमात, जमिनीकडे बघून. ती मुसळ हातात धरून ऐकत राहिली. संपल्यावर तिने एकच विचारलं.

"गाडी कंच्या रंगाची व्हती?"

"काळी," बाबा म्हणाले. "मी हिरवी केली."

जनीने मुसळ खाली ठेवलं. शेळ्या चारणाऱ्या एका पोराने तेव्हा गाडी पाहिली होती, काळी, मोठी, पुढे चांदीची जाळी असलेली. तिने तसं सांगितलं होतं. चौकशी झाली तेव्हा मुरबाडात लोक म्हणाले, तशी जाळीची गाडी एक नानासाहेबांचीच, पण ती तर हिरवी आहे. आधी काळी होती हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कोणी बोललं नाही. शेवटी पोराचंच चुकलं असं ठरलं. "अकरा वरसं मी रस्त्याला बसून काळ्या गाड्या बघतंय," जनी म्हणाली. "बाजाराला गेली तरी काळीच बघतंय. हिरवी माज्या म्होरून गेली असंल किती येळा."

बाबा खाली बसले. तिने मला पाणी दिलं. त्यांना दिलं नाही. मी अर्धं पिऊन तांब्या त्यांच्याकडे करणार होते, पण त्यांनीच मान हलवली.

पुढचं थोडक्यात सांगते. ड्रायव्हर आधीच वारला होता. नानासाहेब निकालापर्यंत राहिले नाहीत. पुरावा लपवला म्हणून बाबांवरही ठपका आला आणि तारखांना जाता जाता त्यांची छाती आणखी खालावली. पंधरा दिवसांत शेड सोडावी लागली. आम्ही आटगावला मामाच्या परसात नवी शेड घातली, पण तिथे बाबांनी गन हातात धरली नाही. घासायचं, रंगवायचं सगळं मी केलं, आणि लग्नानंतरही, पुढे तीस वर्षं केलं. डॉक्टरांची गाडीही मीच काळी केली, कोर्टाने सोडल्यावर. जनीला जे हवं होतं ते तिला कागदावर मिळालं. तिचा नवरा कुठल्या गाडीखाली गेला आणि ती गाडी कुणाची, हे लिहिलं गेलं. तिने बाबांना माफ केलं का, हे मला कोणी विचारतं तेव्हा मी माहीत नाही म्हणते. ती तसं कधी बोलली नाही.

पण त्या सोमवारी तिने आम्हाला परत जाऊ दिलं नाही. उखळातली वरी सुपात काढली, सूप शेजारणीकडे दिलं, डोक्यावरून पदर घेतला आणि बाबांना म्हणाली, "चला. जे मला सांगितलंत ते साहेबाला सांगा. माज्यासमोर." ती पुढे, बाबा मागे, मी त्यांच्या मागे. उतारावर बाबांचा श्वास पुरत नव्हता. ती थांबायची, त्यांचा खोकला संपू द्यायची, पण मागे वळून बघायची नाही. पोलीस ठाण्यात टेबलामागे एक हवालदार होते. त्यांनी तिला ओळखलं. अकरा वर्षांत ती कितीदा तिथे येऊन गेली असेल. मग त्यांनी तिच्यामागे उभ्या असलेल्या, घामाने भिजलेल्या माणसाकडे पाहिलं.

"हे कोण तुमचे?"

जनीने बाजूची खुर्ची ओढली आणि बाबांपुढे केली.

"माजा साक्षीदार हाय," ती म्हणाली. "लिवून घ्या."